शपथ घेतलेल्यांनी दाद मागायची कुठे?

अमेरिकेच्या नौदलातल्या एका लढाऊ जहाजावरच्या पाच खलाशांनी आपल्या वरिष्ठांना कोर्टात खेचलं होतं. तक्रार अशी, की आम्ही अल्पसंख्य वंशाचे म्हणून बऱ्या ड्यूट्या आमच्या वाट्याला येत नाहीत, दमदाटी होते, कामाचे शेरे मुद्दाम खालचे लिहिले जातात, आणि चूक झालीच तर शिक्षा इतरांपेक्षा कडक. एखाद्या कारखान्यातल्या कामगाराने असा दावा लावला असता तर तो ऐकला गेला असता. यांचा गेला नाही. १३ जून १९८३ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं, की वरिष्ठाने घटनेने दिलेला हक्क तुडवला अशी तक्रार असली तरी सैनिकाला त्या वरिष्ठावर भरपाईचा दावा लावता येणार नाही. खटल्याचं नाव 'चॅपेल विरुद्ध वॉलेस'. कायदा शिकणाऱ्यांखेरीज तो फारसा कुणाला माहीत नसतो. मी कायदा शिकलेली नाही, पण २०२५ च्या जानेवारीपासून हा निकाल माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

निकालपत्र फार मोठं नाही. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी त्यात आधीचे सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांचं म्हणणं आदराने दिलं आहे: साधे कपडे उतरवून गणवेश चढवला म्हणून नागरिकाचे मूलभूत हक्क काढून घेता येत नाहीत. पण त्याच निकालात असंही म्हटलं आहे, की लष्कर शिस्तीवर चालतं आणि हुकूम देणारा व पाळणारा यांच्यामध्ये कोर्ट येऊन उभं राहिलं तर ती शिस्त टिकणार नाही. शिवाय सैनिकासाठी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, आतच व्यवस्था केलेली आहे. लष्करी कायद्याच्या १३८ व्या कलमाखाली कमांडरविरुद्ध तक्रार करता येते, सेवेतल्या चुकीच्या नोंदी दुरुस्त करायला मंडळं आहेत. तिथे जा.

त्यात भर म्हणून १९६४ चा नागरी हक्क कायदा, ज्याच्या आधारे या देशातली माणसं नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध लढतात, तो गणवेशातल्या सैनिकांना लागू होत नाही असं इथल्या अपील न्यायालयांनी वर्षानुवर्षं धरलेलं आहे. एखादा नियमच उघड भेदभाव करणारा असेल तर सैनिक कोर्टात जाऊ शकतो. १९७३ मध्ये हवाई दलातल्या शॅरन फ्रॉन्टिएरो या लेफ्टनंट बाईंनी पतीला घरभाडं आणि वैद्यकीय सवलत मिळावी म्हणून खटला लढवला आणि जिंकला. पण रोजचा भेदभाव नियमात लिहिलेला नसतो. तो शेऱ्यात असतो, बदलीत असतो, 'हिला राहू दे, त्याला पाठव' या तोंडी निर्णयात असतो. त्याची दाद लष्कराच्या आतच मागायची असते, आणि आतल्या व्यवस्थेवर भरवसा ठेवूनच कोर्टाने आपलं दार लावून घेतलेलं आहे.

२०२५ च्या सुरुवातीला लष्करातले विविधतेचे कार्यक्रम बंद झाले तेव्हा बहुतेक चर्चा घोषणांवर झाली. 'वोक' काय, 'मेरिट' काय. माझं लक्ष मात्र त्या आतल्या व्यवस्थेकडे जातं. कोर्टाने ज्यांच्या हवाली केलं, त्यांनीच हात वर केले तर घटनेतला हक्क राहतो कुठे? मला सगळ्यात जास्त काळजी याच प्रश्नाची वाटते.

घडलं काय ते थोडक्यात सांगते. २७ जानेवारी २०२५ ला अध्यक्ष ट्रम्प यांनी एका आदेशाने लष्करातली डीईआय कार्यालयं, म्हणजे विविधता, समता आणि समावेश यांसाठीची कार्यालयं, बंद केली. वंश किंवा लिंग पाहून कुणालाही झुकतं माप द्यायचं नाही, असं त्या आदेशाचं म्हणणं. चारच दिवसांनी संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांच्या खात्याने ब्लॅक हिस्टरी मंथसारखे महिने सरकारी खर्चाने आणि सरकारी वेळेत साजरे करणं थांबवलं. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत कॅडेट्सचे डझनभर क्लब विसर्जित झाले. त्यात स्त्री अभियंत्यांचा होता, काळ्या अभियंत्यांचा होता, आशियाई वंशाच्या मुलांचाही होता. तटरक्षक दलाच्या प्रमुख अ‍ॅडमिरल लिंडा फेगन यांना त्याआधीच घरी पाठवलं होतं. २१ फेब्रुवारीला सगळ्या सैन्यदलांतले सर्वोच्च अधिकारी जनरल सी. क्यू. ब्राउन आणि नौदलाच्या पहिल्या स्त्री प्रमुख अ‍ॅडमिरल लिसा फ्रँकेटी यांना एकाच संध्याकाळी काढलं.

जनरल ब्राउन काळे, आणि लढाऊ वैमानिक. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर त्यांनी एक व्हिडिओ केला होता. त्यात ते सांगतात, अंगावर तोच फ्लाइट सूट, छातीवर तेच पंख, तरी लष्करातलाच एक माणूस मला विचारतो, 'तुम्ही पायलट आहात का?' चार तारे मिळालेल्या अधिकाऱ्याला ही गोष्ट इतक्या वर्षांनी सांगावीशी वाटली, यावरून ती किती खोल गेली असेल ते कळतं.

मग संकेतस्थळांची साफसफाई सुरू झाली. मेजर जनरल चार्ल्स कॅल्विन रॉजर्स यांचं पान मी स्वतः शोधलं होतं. १ नोव्हेंबर १९६८ ला व्हिएतनाममध्ये कंबोडियाच्या सीमेजवळच्या एका तोफखान्याच्या तळावर पहाटे हल्ला झाला. रॉजर्स काळे, तेव्हा लेफ्टनंट कर्नल होते. तीनदा जखमी होऊनही ते एका तोफेकडून दुसऱ्या तोफेकडे जात राहिले, प्रतिहल्ला त्यांनी स्वतः पुढे राहून केला, आणि एका तोफेवरची माणसं पडली तेव्हा तिच्यावर स्वतः जाऊन काम केलं. त्यासाठी त्यांना मेडल ऑफ ऑनर मिळालं. या देशात त्याहून मोठं शौर्यपदक नाही. मार्च २०२५ मध्ये त्यांचं पान नाहीसं झालं, आणि त्या पानाच्या पत्त्यात 'मेडल' या शब्दाच्या आधी 'डीईआय' अशी अक्षरं चिकटवलेली सापडली. ओरड झाल्यावर पान परत आलं. बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनच्या सैनिकी सेवेचं पान, नावाहो भाषेत सांकेतिक संदेश पाठवणाऱ्या आदिवासी जवानांची पानं, जपानी वंशाच्या अमेरिकनांच्या ४४२ व्या रेजिमेंटचं पान, सगळी अशीच गेली आणि बरीचशी परत आली. परत आली म्हणून प्रश्न मिटला असं मला वाटत नाही. तीन जखमा अंगावर घेऊन मिळवलेल्या पदकाला ती तीन अक्षरं लागली, आणि ती कुणीतरी लावली.

आम्ही मेरीलँडमध्ये, अ‍ॅनापोलिसपासून जवळ राहतो. तिथे नौदलाची अकादमी आहे, आणि तिची एक फार चांगली पद्धत आहे. पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना आसपासची घरं 'स्पॉन्सर' म्हणून जोडून देतात. सुटीच्या दिवशी ही मुलं त्या घरी येतात, पोटभर जेवतात, कपडे धुतात, सोफ्यावर झोपतात. आमच्याकडे येणारी मुलगी काळी, दक्षिणेतल्या एका छोट्या गावातली. सुरुवातीला मला 'मॅम' म्हणायची, आमच्या मुलांचं ऐकून 'काकू' म्हणायला लागली. थालीपिठावर लोणी घालून दिलं की काही न बोलता तीन खाते. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत असायचा, रजेवर आलेल्या जवानाला आधी जेवायला वाढायचं हे शिकवावं लागलं नाही. तिच्यासाठी ताट मांडताना मला तेच आठवतं.

१ एप्रिल २०२५ ला हेगसेथ अकादमीला भेट द्यायला आले. त्याच्या आधी अकादमीच्या निमिट्झ ग्रंथालयातून ३८१ पुस्तकं काढून ठेवली गेली. काही दिवसांनी यादी जाहीर झाली. काळ्या लेखिका माया अँजेलो यांचं आत्मकथन त्यात होतं. हिटलरचं 'माइन काम्फ' मात्र कपाटातच राहिलं. त्या शनिवारी ती आमच्या ओट्याला टेकून फोनवर ती यादी अंगठ्याने सरकवत होती. मध्येच थांबली. त्यातलं एक पुस्तक तिने पहिल्या वर्षी निबंधासाठी वापरलं होतं. मी विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, 'काकू, मला यावर काही बोलता येणार नाही.' घरात आम्ही दोघीच होतो, तरी तिने आवाज खाली आणला होता.

तिचं बोलणं नियमाला धरूनच होतं. सैनिकाचं भाषणस्वातंत्र्य साध्या नागरिकाइतकं नाही, हे १९७४ च्या 'पार्कर विरुद्ध लेव्ही' या निकालापासून ठरलेलं आहे. मी ते मान्य करते. युद्धनौकेवर प्रत्येक हुकमावर वादविवाद होऊ शकत नाही. पण ग्रंथालय म्हणजे युद्धनौका नव्हे. उद्या ज्यांच्या हातात क्षेपणास्त्रं द्यायची आहेत त्या विशीतल्या मुलांनी आपल्याच देशाचा वंशभेदाचा इतिहास वाचू नये, हे कुठल्या शिस्तीत बसतं? मे महिन्यात खात्याने सगळ्या लष्करी ग्रंथालयांसाठी वीसेक शोधशब्द ठरवून दिले, पुन्हा छाननी झाली, आणि अ‍ॅनापोलिसची वीसएक पुस्तकं सोडून बाकीची कपाटात परत गेली. शब्द शोधून पुस्तक काढायचं, म्हणजे ते पुस्तक त्या शब्दाच्या बाजूने आहे की विरोधात, हे बघायचीही गरज उरत नाही.

ही मुलं दाखल होतात त्या दिवशी संध्याकाळी टेकुमसे कोर्ट नावाच्या चौकात शपथ घेतात. मी ती ऐकली आहे. हजाराहून अधिक कोवळे आवाज एकदम म्हणतात, की आम्ही अमेरिकेच्या घटनेचं देशाबाहेरच्या आणि देशातल्या सर्व शत्रूंपासून रक्षण करू. साध्या शिपायाच्या शपथेत राष्ट्राध्यक्षांचे हुकूम पाळण्याचाही उल्लेख असतो. अधिकाऱ्यांच्या शपथेत तो नाही. त्यांची निष्ठा फक्त घटनेशी. म्हणून लष्करातल्या समतेचा प्रश्न हा कल्याणकारी योजनेचा प्रश्न आहे असं मी मानत नाही. ज्या घटनेसाठी मरायची तयारी दाखवायची, तिच्यातला समतेचा शब्द आपल्यालाही लागू आहे की नाही, हे त्या मुलीला कळायला हवं.

या कार्यक्रमांचा जन्म कसा झाला हे विसरलं गेल्यामुळे ते ऐषआराम वाटतात. १२ फेब्रुवारी १९४६ ला आयझॅक वुडार्ड नावाचा काळा सार्जंट सैन्यातून सुटून बसने घरी चालला होता. अंगावर गणवेश होता. साउथ कॅरोलायनात पोलीसप्रमुखाने त्याला बसमधून उतरवून इतकं मारलं की त्याचे दोन्ही डोळे कायमचे गेले. ही हकीकत तेव्हाचे अध्यक्ष ट्रुमन यांच्या कानावर गेली आणि ते हादरले. पुढे ३१ मार्च १९४८ ला कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी सिनेटच्या समितीसमोर सांगितलं, की सैन्यातला वर्णभेद जाणार नसेल तर काळ्या तरुणांनी सक्तीची भरती नाकारावी असं मी सांगेन. ही सविनय कायदेभंगाची वाट गांधीजींची, आणि रँडॉल्फ ते उघड मानत. २६ जुलै १९४८ ला ट्रुमन यांनी आदेश क्रमांक ९९८१ काढला: सैन्यात सर्वांना समान वागणूक आणि समान संधी.

पण आदेशाने लगेच काही झालं नाही, आणि मला इथेच थांबायचं आहे. भूदल पाय रोवून अडून बसलं. काळ्या जवानांचं प्रमाण दहा टक्क्यांवर जाऊ द्यायचं नाही ही मर्यादा त्यांना सोडायची नव्हती. आदेशासोबत ट्रुमन यांनी चार्ल्स फेही यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती, म्हणून निभावलं. ही समिती सेनापतींना आकडे विचारत राहिली. कुठल्या शाळेत किती काळे प्रशिक्षणार्थी? गोऱ्यांच्या तुकडीत कुशल माणसांची जागा रिकामी असताना प्रशिक्षित काळा जवान गोदामात पोती का उचलतो? या प्रश्नांना उत्तर नव्हतं. १९५० च्या वसंतात भूदलाने ती मर्यादा सोडली, आणि शेवटची वेगळी तुकडी मोडायला १९५४ उजाडलं. म्हणजे १९४८ चा आदेश कागदावरून जहाजावर आणि बराकीत नेला तो मोजणाऱ्या, विचारणाऱ्या, तक्रार ऐकणाऱ्या माणसांनी. त्यांनाच आज नोकरशाही म्हणतात.

व्हिएतनामच्या काळात पुन्हा तेच. मे १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्रॅव्हिस हवाई तळावर वांशिक दंगल झाली आणि काही दिवस चालली. ऑक्टोबर १९७२ मध्ये 'किटी हॉक' या विमानवाहू जहाजावर काळे आणि गोरे खलाशी एकमेकांवर तुटून पडले. जहाज तेव्हा युद्धमोहिमेवर होतं. साध्या जवानांत काळे खूप, अधिकाऱ्यांत अगदी मोजके, आणि तक्रार न्यायची कुणाकडे हे ठाऊक नाही. या तणावातूनच, 'किटी हॉक'च्या आधी, १९७१ मध्ये फ्लोरिडातल्या पॅट्रिक तळावर वांशिक संबंधांचं प्रशिक्षण देणारी संस्था निघाली होती. ती सुरू करणारे सेनानी कुणी भाबडे समाजसुधारक नव्हते. जवानच आपसात लढले तर सैन्य लढू शकत नाही, हे त्यांना कळलेलं होतं.

कार्यक्रमांच्या विरोधकांचा मुद्दाही घटनेचाच आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. केंद्र सरकारला समतेचं तत्त्व पाचव्या घटनादुरुस्तीतून लागू होतं. त्यांचं म्हणणं, की हे तत्त्व वंश पाहूच नका असं सांगतं, मग चांगल्या हेतूने पाहिला तरी तो भेदभावच. २९ जून २०२३ ला हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यांत सुप्रीम कोर्टाने प्रवेशांच्या बाबतीत तेच मान्य केलं. मात्र सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी एका तळटीपेत लष्करी अकादम्या वगळल्या. त्यांचे हितसंबंध वेगळे असू शकतात, त्यावर आम्ही आज बोलत नाही, असं म्हणून. न्यायमूर्ती केतनजी ब्राउन जॅक्सन यांनी आपल्या भिन्न मतात यावर बोट ठेवलं. कृष्णवर्णीयांना कंपनीच्या बैठकीसाठी नव्हे, फक्त खंदकासाठी तयार करायला विविधता चालते, असा याचा अर्थ होतो, असं त्या म्हणाल्या. त्यांचा राग मला पटतो.

तळटीपेने उघडा ठेवलेला प्रश्न मग बाल्टिमोरच्या न्यायालयात गेला. अ‍ॅनापोलिसच्या प्रवेशात वंशाचा विचार करावा का यावर रीतसर साक्षीपुरावे झाले, आणि ६ डिसेंबर २०२४ ला न्यायाधीश रिचर्ड बेनेट यांनी अकादमीच्या बाजूने निकाल दिला. अधिकारी वर्ग आपल्या जवानांसारखा दिसला तर फळीत विश्वास राहतो, हे राष्ट्रीय सुरक्षेचं कारण त्यांना पुराव्यांवरून पटलं. हा निकाल वरच्या कोर्टात टिकला असता की नाही, मी सांगू शकत नाही. टिकायला हवा होता असंही ठामपणे म्हणणार नाही. अठरा वर्षांच्या गोऱ्या मुलाची जागा त्याच्या वंशामुळे गेली तर त्याच्या आईने काय करायचं, हा प्रश्न मलाही पडतो. पण तो प्रश्न न्यायालयात सुटायला हवा होता. सरकार बदललं, खटला जिंकलेल्या अकादमीनेच धोरण सोडून दिलं, २०२५ च्या उन्हाळ्यात तडजोड झाली, आणि देशाच्या घटनेतला एक मोठा प्रश्न उत्तराशिवाय मिटवला गेला.

आणि प्रवेशातलं झुकतं माप हा वाद एका बाजूला ठेवला तरी रॉजर्स यांचं पान, माया अँजेलो यांचं पुस्तक, स्त्री अभियंत्यांचा क्लब, यांनी कुणाची जागा घेतली होती? वंशाधारित प्राधान्य थांबवण्याच्या नावाखाली आठवणच थांबवली गेली. आदेशाला ज्या समतेच्या तत्त्वाचा आधार आहे, ते यासाठी पुरत नाही.

'विविधता हीच आपली ताकद' हे लष्करी इतिहासातलं सर्वांत मूर्ख वाक्य आहे, असं हेगसेथ फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हणाले. लढवय्येपणा आणि योग्यता एवढंच पाहू, असा त्यांचा आग्रह असतो. मराठी माणसाने हे ऐकून स्वस्थ राहू नये असं मला वाटतं, कारण योग्यतेच्या नावाने फौजेचं दार कसं लागतं हे आपल्या मातीत घडून गेलेलं आहे. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावं कोरली आहेत त्या महारांची भरती १८९० च्या दशकात इंग्रजांनी बंद केली. कारण दिलं 'लढवय्या जातीं'चं. पराक्रमाची सगळी नोंद त्यांच्याच दप्तरात होती, तरी. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला, शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली, युद्ध संपलं तशी १९२१ मध्ये मोडलीही. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत सुभेदार रामजी सकपाळांचा मुलगा व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर जाऊन बसला होता. त्याच बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून काळ्या अमेरिकनांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत मागवली होती. दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांची लढाई कळत होती.

आता पुन्हा तक्रारीकडे येते. ३० सप्टेंबर २०२५ ला हेगसेथ यांनी जगभरातले शेकडो जनरल आणि अ‍ॅडमिरल व्हर्जिनियातल्या क्वांटिको इथे बोलावले. त्या भाषणातल्या 'दाढी चालणार नाही' अशा अर्थाच्या वाक्यांची बातमी जास्त झाली. शीख जवानांच्या दृष्टीने ती गंभीर होतीच. २०२२ मध्ये अपील न्यायालयात लढून शीख तरुणांना दाढी-पगडीसह मरीन प्रशिक्षणात जाता आलं होतं. पण माझ्या मते खरा घाव त्याच भाषणात दुसरीकडे होता. महानिरीक्षकांची चौकशीची पद्धत आणि समान संधीच्या तक्रारींची पद्धत आपण मुळापासून बदलतो आहोत, असं त्यांनी जाहीर केलं. यापुढे फालतू तक्रारी नाहीत, निनावी तक्रारी नाहीत, पुन्हा पुन्हा तक्रार करणारे नाहीत.

खोट्या तक्रारीने एखाद्या चांगल्या अधिकाऱ्याची बढती वर्षानुवर्षं अडकते, हे खरं आहे, आणि त्यावर उपाय हवाच. पण निनावी तक्रार कोण करतं? जिचा शेरा तोच अधिकारी लिहिणार आहे, जिची खोली त्याच मजल्यावर आहे, जी सहा महिने जहाजावरून उतरू शकत नाही, ती करते. पुन्हा तक्रार कोण करतं? जिची पहिली कुणी ऐकली नाही, ती. समान संधीची कार्यालयं कागदावर आजही आहेत, त्यांना कुणी कुलूप ठोकलेलं नाही. पण सगळ्यांत वरच्या माणसाने सगळ्या सेनापतींसमोर तक्रारदाराबद्दल असं बोलल्यावर खालचा कॅप्टन काय समजायचं ते समजतो. कोर्टाने 'आत जा' म्हणून पाठवलेल्या माणसाला आतून 'तू कटकट करतोस' हे उत्तर मिळणार असेल, तर त्याच्या घटनादत्त हक्काला वालीच उरत नाही.

जे उघड नियमाविरुद्ध कोर्टात गेले त्यांचं काय झालं? ट्रान्सजेंडर सैनिकांना काढण्याचा आदेशही त्याच २७ जानेवारीचा. त्यांची लिंगओळख सन्माननीय, सत्यनिष्ठ आणि शिस्तबद्ध जीवनाशी विसंगत आहे, असं त्यात सरकारी भाषेत लिहिलं होतं. कमांडर एमिली शिलिंग या नौदलाच्या वैमानिक, ६० लढाऊ उड्डाणं केलेल्या. त्यांच्या आणि इतरांच्या खटल्यांत मार्चमध्ये दोन न्यायाधीशांनी बंदीला मनाई दिली. वॉशिंग्टन डीसीच्या न्यायाधीश आना रेयेस यांनी त्या धोरणात द्वेष मुरलेला आहे असं स्पष्ट लिहिलं. ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने कारणं न देता सरकारला बंदी अमलात आणू दिली. साठ मोहिमांनंतर निदान चार ओळींची कारणं तरी द्यायला हवी होती.

या सगळ्यात जे कोर्टात ठाम उभे राहू शकले ती मुलं आहेत. लष्करी कुटुंबांतल्या मुलांसाठी संरक्षण खातं १६१ शाळा चालवतं, त्यांत सुमारे ६७,००० मुलं शिकतात. तिथूनही पुस्तकं काढली गेली, ५०० च्या वर. एप्रिल २०२५ मध्ये सहा कुटुंबांतल्या बारा विद्यार्थ्यांनी दावा लावला, आणि २० ऑक्टोबरला व्हर्जिनियातल्या न्यायाधीश पॅट्रिशिया टॉलिव्हर जाइल्स यांनी त्यांच्या पाच शाळांत पुस्तकं परत ठेवायचा हुकूम दिला. व्हर्जिनिया, केंटकी, इटली आणि जपानमधल्या शाळा. आईबाप गणवेशात, त्यांच्या तोंडाला शिस्तीची गाठ. मुलांनी शपथ घेतलेली नाही म्हणून पहिल्या घटनादुरुस्तीचा पूर्ण आधार त्यांनाच घेता आला. बाकीच्या शाळांना तो हुकूम लागू नाही.

तरीही घटनेत अजून एक वाट आहे, आणि ती कोर्टातून जात नाही. पहिल्या कलमाच्या आठव्या विभागात भूदल आणि नौदलासाठी नियम करण्याचा अधिकार काँग्रेसला दिलेला आहे, राष्ट्राध्यक्षांना नाही. कॅप्टन सिमचा गोल्डमन हवाई दलातले मानसशास्त्रज्ञ, सनातनी ज्यू आणि रब्बी. डोक्यावरची छोटी टोपी काढायला सांगितलं म्हणून ते सुप्रीम कोर्टात गेले आणि १९८६ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी हरले. लष्कराला काय हवं ते लष्करच जाणे, असं बहुमताने म्हटलं. पुढच्याच वर्षी काँग्रेसने कायदा करून नीटनेटकी, साधी धार्मिक वस्त्रं घालायची मुभा सैनिकांना दिली. कोर्टाने पाठ फिरवली तिथे लोकप्रतिनिधींनी काम केलं.

म्हणून मी माझ्या खासदारांना आणि मेरीलँडच्या दोन्ही सिनेटरांना पत्र लिहिलं आहे. सैनिकाला काँग्रेसच्या सदस्याकडे आणि महानिरीक्षकाकडे जाता यावं, आणि त्याबद्दल त्याच्यावर सूड उगवला जाऊ नये, असा कायदा १९८८ पासून आहे. त्याच कायद्यात समान संधीची निनावी तक्रार घेणं आणि ठरावीक मुदतीत तिची चौकशी करणं बंधनकारक करा, म्हणजे ते मंत्र्यांच्या परिपत्रकावर अवलंबून राहणार नाही. तक्रारी किती आल्या, किती फेटाळल्या आणि कुठल्या कारणाने, याचा आकडा दरवर्षी काँग्रेसच्या समितीपुढे ठेवायला लावा. आणि अकादमीच्या ग्रंथालयातून पुस्तक काढायचं असेल तर ते कुणी वाचलं आणि का काढलं हे लेखी नोंदवल्याशिवाय काढू देऊ नका. पुढच्या संरक्षण विधेयकाच्या सुनावण्या लागल्या की मी पुन्हा लिहिणार आहे, आणि इथल्या आमच्या मराठी मंडळात ज्यांना मत देता येतं त्या प्रत्येकाला लिहायला लावणार आहे.